गुडघा का दुखतो? नागपुरातल्या आमच्या दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

गुडघा दाखवायला आलेला माणूस निदान बहुधा घरूनच घेऊन येतो. "गॅप आला म्हणते", "ग्रीस संपलं", "वयच झालं आता, काय करता". मी विचारते, दुखतं कुठे? मग हात गुडघ्याभोवती गोल फिरतो आणि उत्तर येतं, "पुराच दुखून राहिला ना मॅडम." फिजिओथेरपीच्या टेबलाशेजारी उभी राहून हा गोल फिरणारा हात मी रोज पाहते. गुडघेदुखीची कारणं डझनभर तरी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. जागा एका बोटाने दाखवता आली आणि केव्हा दुखतं ते सांगता आलं, तर निम्मा तपास तिथेच होतो. खालची उत्तरं त्यासाठी आहेत. ती वाचून स्वतःच औषध ठरवू नका, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते नक्की ठरवून जा.

"गॅप आला" म्हणजे नेमकं काय होतं?

खरं तर गॅप येत नाही, जातो. मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. क्ष-किरणांच्या फोटोत कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे मोकळी जागा असल्यासारखी वाटते. कूर्चा पातळ झाली की ती जागा कमी होते. फोटो पाहून डॉक्टर म्हणतात "गॅप कमी झाला", आणि जिना उतरेपर्यंत त्याचा "गॅप आला" झालेला असतो.

"ग्रीस संपलं" हेही तसंच. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरं, पण दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो संपत नाही, उलट जास्त तयार होतो. त्यालाच आपण गुडघ्यात पाणी झालं म्हणतो. द्रव पातळ होतो, त्याचा दर्जा उतरतो, एवढंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया तीच आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे स्नायूबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या). म्हणूनच फोटोत भरपूर झीज असलेल्या एखाद्या आजी टेकडी गणपतीच्या पायऱ्या आरामात चढतात आणि फोटो जवळजवळ चांगला असलेली चाळिशीची बाई रडवेली होऊन येते. फोटोवर उपचार करायचे नसतात.

दुखण्याच्या जागेवरून कारण कळतं का?

पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी कळतं.

समोर, वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल आणि जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा सिनेमाला अडीच तास पाय दुमडून बसल्यावर ते वाढत असेल, तर वाटी आणि मांडीच्या हाडामधला सांधा कुरकुरतोय. हे तरुण मुलींत, नव्याने जिम लावलेल्यांत आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांत फार दिसतं. इथे झीज असतेच असं नाही. मांडीचे आणि कुल्ह्याचे स्नायू कमजोर असतात आणि वाटीवर भार नीट वाटला जात नाही. व्यायामाने हे चांगलं सुधारतं, पण त्याला आठवडे लागतात. पाच दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणारे पुन्हा तीन महिन्यांनी येतात.

वाटीच्या अगदी खाली, बोट ठेवलं की कळ येते अशी जागा असेल तर तिथली कंडरा पाहायची. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, उंच उडीवाल्या पोरांचं हे नेहमीचं दुखणं.

वाटीच्या वरच लिंबाएवढी मऊ सूज येते. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या बाया, फरशी बसवणारे कारागीर यांना ती होते. त्वचा आणि वाटी यांच्यामध्ये एक छोटी पिशवी असते, ती सुजते. सांधा आतून ठीक असतो. टेकणं थांबवलं, खाली जाड गादी घेतली की बहुतेकांची उतरते. पण ती लाल, गरम झाली आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग, त्याला थांबायचं नाही.

आतल्या बाजूला, दोन्ही हाडं मिळतात त्या रेषेवर दुखणं ही पन्नाशीनंतरच्या झिजेची सर्वांत नेहमीची जागा. भारतीय गुडघे आतल्या बाजूने जास्त झिजतात, आणि मग हळूहळू पाय बाहेरून धनुष्यासारखे वाकतात. त्याच रेषेवर चंद्रकोरीच्या आकाराची गादी फाटली तरी दुखतं. फरक असा, की फाटलेल्या गादीत गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही.

त्या रेषेच्या तीन बोटं खाली, नळीच्या हाडाच्या आतल्या अंगाला दुखत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तीन कंडरा एकत्र येतात आणि त्यांच्याखाली एक पिशवी असते. वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये हे इतकं दिसतं की मी आतल्या बाजूचं दुखणं म्हटलं की आधी तिथे अंगठा दाबून पाहते. फोटोत झीज दिसते, सगळं खापर तिच्यावर फुटतं, आणि खरी दुखरी जागा तीन बोटं खालीच राहून जाते.

बाहेरच्या बाजूचं दुखणं बहुधा धावणाऱ्यांचं, सायकलवाल्यांचं. मागच्या खळग्यात ताणल्यासारखं आणि फुगीर वाटत असेल तर सांध्यातलं जास्तीचं पाणी मागे साठलेलं असू शकतं. ही गाठ फुटली तर पोटरी एकदम सुजते, दुखते. रक्ताची गुठळी झाल्यावरही पोटरी हुबेहूब अशीच दिसते, म्हणून अशा वेळी घरी शेकत बसू नये, तपासून घ्यावं.

पन्नाशीनंतर गुडघे दुखणारच, नाही का?

वय हे कारणांपैकी एक. घराण्यात असणं, पाळी गेल्यानंतरचं स्त्रीचं शरीर, पूर्वी झालेली मोठी दुखापत, पायाची ठेवण आणि वजन ही बाकीची. यातलं आपल्या हातात असलेलं एकच, ते म्हणजे वजन. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुडघे झिजलेल्या जाड माणसांचं वजन जेवढं उतरलं त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलाला गुडघ्यावरून कमी झाला. पाच किलो उतरवले तर दर पावलाला वीस किलो. घरातल्या घरात वावरणारी बाईसुद्धा दिवसाला दोन-तीन हजार पावलं टाकते. हिशोब तुम्हीच करा.

झिजेचं दुखणं ओळखायचं कसं? बसून उठलं की पहिली चार पावलं जड जातात, मग जरा मोकळं होतं, आणि दिवसभराच्या कामाने संध्याकाळी ठणकतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो.

चाललं तर अजून झिजेल ना? मग आरामच केलेला बरा?

नाही. या एका गैरसमजाने जितके गुडघे खराब होताना मी पाहिले तितके जिन्यांनी होताना पाहिले नाहीत. कूर्चेला रक्तपुरवठा नाही, मग तिचं पोषण होतं कसं? स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसं. चालण्याने ती दाबली जाते आणि सुटते, त्यातून सांध्यातल्या द्रवाचं येणंजाणं चालू राहतं. खाटेवर पडून राहिलं की ते थांबतं, वर मांडीचा स्नायू महिनाभरात वाळतो, आणि स्नायू वाळला की हादरे थेट सांध्यावर.

किती चालायचं याचा साधा नियम: चालताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा वाईट नको. वाईट असेल तर अंतर कमी करा, बंद करू नका. सुरुवातीला सपाट जागा बरी. सेमिनरी हिल्सचा चढउतार दोन महिन्यांनी. एप्रिल-मे मध्ये साडेपाचला घराबाहेर पडा नाही तर संध्याकाळी उशिरा, आणि ४५ अंशांच्या दिवसांत घरातच खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम करा. नवतप्यात फिरायला जाऊन शौर्य दाखवणारे काका मला दर वर्षी भेटतात.

नागपूरचे सिमेंटचे रस्ते गुडघे खातात, हे खरं आहे का?

आमच्याकडे हा प्रश्न वॉकिंग ग्रुपवरून येतो. सिमेंट डांबरापेक्षा कडक आहे हे खरं. पण पाय जमिनीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतात. कडक पृष्ठभागावर गुडघा नकळत थोडा जास्त वाकतो आणि धक्का शोषतो. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज बैठ्या माणसांपेक्षा जास्त आढळलेली नाही, आणि ते धावतात बहुधा कडक रस्त्यांवरच. त्यामुळे सिमेंटच्या भीतीने घरी बसू नका. टाचेला झिजलेली स्लीपर टाकून बूट घाला, हा जास्त उपयोगी बदल.

आमच्या अनुभवात त्या रस्त्यांनी होणारं नुकसान निराळंच आहे. काही गल्ल्यांत रस्ता वर आला आणि घरं खाली गेली. फाटकातून स्कूटर काढताना एक पाय खड्ड्यात, एक वर, आणि गुडघा पिरगळतो. तो दोष सिमेंटच्या कडकपणाचा नाही, उंचीचा आहे.

संत्री, दही, लिंबू, चिंच बंद करू का? आंबटाने सांधे धरतात म्हणतात.

संत्र्याच्या शहरात हा प्रश्न चुकत नाही. आंबट फळाने गुडघा झिजत नाही आणि सुजतही नाही. गोंधळ बहुधा 'युरिक अ‍ॅसिड' या नावातल्या अ‍ॅसिडमुळे होत असावा. ते आंबट खाण्यातून येत नाही. शरीरातल्या पेशी आणि काही अन्नपदार्थ यांतल्या प्युरीन नावाच्या घटकापासून ते तयार होतं. ते वाढून सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमले की गाऊट होतो. एका रात्रीत सांधा लालभडक, गरम आणि इतका दुखरा होतो की पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. हे पहिल्यांदा बहुधा पायाच्या अंगठ्यात होतं, पण गुडघ्यातही होतं.

गाऊट असलेल्याने जपायचं ते बीअर आणि दारू, कलेजी, भेजा, गुर्दा असे अवयव, रोजचं भरपूर मटण आणि गोड शीतपेयं. सावजीत तेल आणि तिखट जास्त असतं म्हणून गाऊट होतो असं नाही. ताटात काय आणि किती पडतं ते बघायचं. संत्रं खा, पण सोलून. साखर घातलेला ग्लासभर रस हा वेगळा पदार्थ आहे.

आणि नुसता रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट ७.२ आला म्हणून गुडघेदुखीचं कारण सापडलं असं होत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असूनही आयुष्यभर गाऊट न होणारी माणसं पुष्कळ आहेत.

चिकुनगुनिया होऊन चार महिने झाले, गुडघे अजून सुटले नाहीत. असं होतं का?

होतं. नागपुरात २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या पावसाळ्यात ज्यांनी चिकुनगुनिया भोगला त्यांना हे सांगायला नको. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काही जणांना महिनोन् महिने, क्वचित वर्षभरही त्रास देतात. घोटे, मनगटं, बोटं आणि गुडघे दोन्ही बाजूंनी धरतात. वयस्कर माणसं आणि ज्यांचे गुडघे आधीच दुखत होते त्यांना जास्त.

हळूहळू हालचाल सुरू ठेवणं हा यातला कठीण आणि महत्त्वाचा भाग. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण काही वेळा चिकुनगुनियाच्या आड आमवात सुरू झालेला असतो.

आमवात आणि संधिवात यात फरक काय?

बोलताना लोक दोन्ही शब्द कसेही वापरतात. आम्ही झिजेला संधिवात म्हणतो. आमवात म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते तो आजार. घड्याळ बघा: सकाळी उठल्यावर आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांत सारखेच सुजत असतील, थकवा असेल, तर रक्ततपासणी लवकर करा. आमवाताला आता चांगली औषधं आहेत आणि ती पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली तर सांधे वाचतात. इथे तेलमालिशमध्ये वर्ष घालवणं फार महाग पडतं.

लहान मुलगा रात्री गुडघे दुखतात म्हणून रडतो. वाढीचं दुखणं आहे का?

तीन ते बारा वर्षांच्या मुलांना संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखतात, चोळून दिलं की झोपतात, सकाळी पुन्हा धिंगाणा. हे बहुधा निरुपद्रवी. दहा ते पंधराच्या खेळाडू मुलांत वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा दुखतो आणि थोडा वर येतो. तोही वाढ थांबली की शांत होतो, तोवर उड्या कमी.

पण काही गोष्टी निरुपद्रवी नसतात. मूल लंगडत असेल तर गुडघ्याबरोबर खुबा तपासायलाच हवा, कारण मुलांमध्ये खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो. आई गुडघ्याला बाम लावत राहते आणि दोष वर खुब्यात असतो, हे मी एकदा नाही, बरेचदा पाहिलंय. एकाच गुडघ्याजवळ, एकाच जागी, झोपेतून उठवणारं आणि दर आठवड्याला वाढत जाणारं दुखणं, सोबत सूज असेल तर फोटो त्याच आठवड्यात काढा. हाडाची गाठ वाढत्या वयात गुडघ्याजवळच जास्त होते. ती क्वचितच होते, पण तिथे उशीर परवडत नाही.

सिकलसेलचा आणि गुडघ्याचा काय संबंध?

विदर्भात हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि विचारणारे फार कमी. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाला रक्त मिळालं नाही की असह्य कळा सुरू होतात. पाठीत, हातापायांत, गुडघ्याभोवतीही. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, फार दगदग यांनी हे झटके येतात. याशिवाय खुब्याच्या गोल हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड खचतं आणि तरुण माणूस "गुडघा दुखतो" म्हणत लंगडत येतो. गुडघ्याचा फोटो स्वच्छ असतो. तो असायचाच.

घरात कुणाला सिकलसेल असेल, मुलाला वारंवार कावीळ, रक्त कमी असणं, हाडं दुखणं असा इतिहास असेल तर तो सांगायला लाजू नका. साधी रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ च्या जुलैत सुरू झालं, पण आपल्याकडे मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून पाहत आहेत. आणि झटका आलेल्या माणसाच्या गुडघ्यावर बर्फ ठेवू नका. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं.

आमच्या गावी बोअरच्या पाण्याने पाय वाकडे होतात म्हणतात. खरं का?

खरं असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाही १.५ च्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मग कंबर, मान, गुडघे आखडतात, आणि लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांचे गुडघे आत किंवा बाहेर वळतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून दाट होतं. नागपूरला दाखवायला येताना गावाचं नाव आणि पाणी कुठलं पितात ते सांगा.

कबड्डी खेळताना गुडघा पिरगळला, "कट्ट" आवाज आला. आता बरं वाटतंय. दाखवायला हवं का?

हवं. आवाज आला आणि दोन-चार तासांतच गुडघा फुगला, तर आत रक्तस्राव झालाय आणि पुढचा स्नायूबंध तुटला असण्याची शक्यता मोठी. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश आली तर बहुधा गादीला इजा. फसवणारी गोष्ट ही, की स्नायूबंध तुटल्यावर तीन आठवड्यांत सूज उतरते, सरळ चालता येतं, पोट्टं पुन्हा मैदानावर जातं आणि वळताना गुडघा दगा देतो. प्रत्येक दग्याला गादी थोडी थोडी फाटते. दहा वर्षांनी पस्तिशीतल्या माणसाला साठीचा गुडघा येतो तो असा.

मार लागल्यावर फोटो केव्हा लगेच काढायचा? चार पावलं टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही, वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गाठीवर दाबलं की दुखतं, किंवा वय ५५ च्या पुढे आहे. यातलं एक जरी असेल तर.

उठताबसता गुडघा कटकट वाजतो.

दुखत नाही, सुजत नाही? मग वाजू द्या.

व्हिटॅमिन डी कमी निघालं. तेच कारण आहे का?

निघणारच. आपल्याकडे ऊन रग्गड, पण मार्च ते जून आपण त्याच्यापासून पळतो आणि बाहेर पडलोच तर डोक्यापासून नखापर्यंत ओढणी-स्कार्फ गुंडाळून. डी कमी असलं की हाडं आणि स्नायू दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. ते भरून काढा. पण त्याने झिजलेली कूर्चा परत येत नाही. साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, डॉक्टर सांगतील तशी. ती वर्षभर स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास झालेला आहे.

महाशिवरात्रीला चौरागडला त्रिशूळ घेऊन जायचंय. गुडघे साथ देतील का?

पचमढीच्या चौरागडाला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो आणि गुडघे धरतात ते उतरताना, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणत ताणत शरीर सावरतो आणि वाटीवर दाब सर्वांत जास्त येतो. दोन महिने आधी तयारी करा: खुर्चीतून हात न लावता उठबस, दहादहाच्या तीन फेऱ्या, आणि आठवड्यातून दोनदा जिना. आधी रामटेकच्या गडावर जाऊन बघा, दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो ते. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सध्या गुडघा सुजलेला असेल तर या वर्षी घरूनच नमस्कार. महादेव समजून घेईल, सासूबाईंचं मी सांगू शकत नाही.

दुकानातून गोळी आणून घेतली तर चालते का?

दोन दिवस, जेवणानंतर, बाकी कुठला आजार नसताना, ठीक. रोज नाही. या गोळ्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने शरीर आधीच कोरडं, त्यात रक्तदाबाची गोळी चालू आणि वरून वेदनाशामक, हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार वाईट. गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर वेदनाशामक जेल दिवसातून तीन-चार वेळा लावून बघा. गुडघ्याच्या झिजेत ते चांगलं काम करतं आणि पोटाला त्रास फार कमी.

नाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. तीन दिवसांत उड्या मारायला लावणाऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं. गुण येतोच, म्हणून तर माणूस वर्षानुवर्षं घेतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याचं हाड खचतं.

थेट एमआरआय काढून घेऊ का?

पन्नाशीनंतर कुणाचाही एमआरआय काढा, गादी फाटलेली निघण्याची शक्यता चांगलीच आहे, दुखत नसलेल्यांचीही. तो रिपोर्ट वाचून झोप उडते आणि नको ते ऑपरेशन होतं. झिजेसाठी साधा फोटो पुरतो, फक्त तो उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फोटोत भार नसतो, त्यामुळे झीज लपते. चिठ्ठीवर 'उभं राहून' लिहिलंय का ते बघून घ्या.

सांधा बदलायची वेळ केव्हा येते?

दुखण्याने रात्रीची झोप जाते, घरातल्या घरात फिरणं अवघड होतं, आणि वजन, व्यायाम, औषधं हे सगळं प्रामाणिकपणे सहा महिने करूनही फरक नसतो, तेव्हा. फोटो खराब आहे एवढ्यावर नाही. सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी अशी ठरली होती. पुढे आकडे बदलत गेले, म्हणून सांध्याचा खर्च आणि ऑपरेशनचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. खर्रा खाणाऱ्यांनी तो आधीच सोडावा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

कोणत्या गुडघ्याला उद्याची वाट पाहायची नाही?

ताप आहे आणि एक गुडघा गरम, सुजलेला, हलवूच देत नाही: सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. रात्र असली तरी जा. अपघातानंतर पाऊल थंड किंवा बधिर पडलंय. पोटरी एकदम सुजली, सोबत दम लागतोय. गुडघा अडकला, सरळच होत नाही. आणि सावकाश येणारं एक दुखणं: महिनोन् महिने सूज, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, मांडी बारीक होत जाणं. हाडाचा क्षयरोग असा येतो. त्याला रात्रीची घाई नाही, पण या आठवड्यात दाखवा.

पहिल्यांदा येताना काय आणू?

जुने फोटो, रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्यासुद्धा. सैल पायजमा किंवा हाफ पँट, घट्ट जीन्स वर सरकत नाही आणि मग अर्धा वेळ त्यातच जातो. दोन दिवस कागदावर लिहून ठेवा: केव्हा दुखलं, काय करत होता, किती वेळ टिकलं. आणि रोजची चप्पल दाराबाहेर काढू नका, आत घेऊन या. तिचा तळवा कुठल्या बाजूने झिजलाय ते मला पाहायचं असतं.